पेठेचा संघ : कोल्हापूरच्या तालमी आणि त्यांचा फुटबॉल

कोल्हापूरचे नाव निघाले की अंबाबाईचे देऊळ, रंकाळ्याचे पाणी, खासबागेतील कुस्त्या, गूळ आणि चप्पल एवढ्या गोष्टी परगावच्या माणसास चटकन आठवतात. फुटबॉल आठवत नाही. हा खेळ म्हटला की आपल्या मनात कलकत्ता येते, गोवा येतो, केरळ येते. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला ऊस आणि कुस्ती यांच्यासाठी प्रसिद्ध असलेले एक गाव अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारीच दुकानाच्या फळ्या लावून मैदानाकडे लोटते, हे सांगूनही खरे वाटत नाही. परंतु ते खरे आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या खरे आहे.

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात दोन अनोळखी कोल्हापूरकर एकमेकांना भेटले, म्हणजे त्यांच्यातील संभाषण ठरावीक वळणाने जाते, हे अनेकांच्या ध्यानी आले असेल. "गाव कुठलं?" "कोल्हापूर." "कोल्हापुरात कुठं?" "मंगळवार पेठ." आणि मग तिसरा प्रश्न येतो, जो पुण्याचा किंवा नागपूरचा मनुष्य सहसा विचारणार नाही : "तालीम कुठली?" या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की समोरचा मनुष्य कोणत्या संघाचा, हे कळते, आणि मग दोघांत गळामिठी तरी होते, नाही तर वादाला तोंड फुटते. प्रस्तुत लेख या तिसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. दगडी किंवा मातीची बुटकी इमारत, आत तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेल्या तांबड्या मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती आणि बाहेर वडीलधाऱ्यांना टेकण्यासाठी कट्टा. राजर्षी शाहू छत्रपती १८९४ साली गादीवर आले आणि त्यांनी कुस्तीस जो आश्रय दिला, त्याने कोल्हापूरची कीर्ती देशभर झाली. १९०२ साली ते युरोपात गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले, आणि त्याच धर्तीवर खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहून १९१२ साली पुरे झाले. शहराच्या पेठापेठांतून तालमी नांदू लागल्या. मात्र तालीम ही निव्वळ व्यायामाची जागा कधीच नव्हती. पेठेतील भांडण तिथे मिटे, लग्नाची बोलणी तिथे निघत, गणपती तिथे बसे आणि मोहरमचे पंजेही कित्येक तालमींतून तितक्याच श्रद्धेने बसत, आजही बसतात. अशा रीतीने तालीम हे पेठेचे सामाईक अंगण झाले होते. फुटबॉल कोल्हापुरात रुजला तो या अंगणात, आणि म्हणूनच इतका खोल रुजला.

हा खेळ मूळचा इंग्रजांचा. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमध्ये काही क्लबांनी एकत्र येऊन संघटना स्थापिली आणि पुढे खेळाचे नियम ठरविले. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतच गोऱ्या पलटणींनी तो हिंदुस्थानच्या छावण्यांत आणला. १८८८ साली सिमल्यास ड्युरँड चषकाच्या आणि १८९१ साली मुंबईस रोव्हर्स चषकाच्या स्पर्धा सुरू झाल्या. पण दीर्घकाळ या चषकांवर पलटणींचीच नावे कोरली गेली. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असे नमवून कलकत्त्याची शील्ड जिंकली, तेव्हा तो एका राष्ट्राचा विजय मानला गेला. रोव्हर्स चषकास मात्र पहिला हिंदी विजेता मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. आणि तो संघ होता बंगळूर मुस्लिम्स, म्हणजे आपण आज जिथे राहतो त्या शहराचा. आपल्या मुलांना हे अवश्य सांगावे.

छावण्या, शाळा-महाविद्यालये आणि राजवाडे या तीन वाटांनी हा खेळ संस्थानी मुलखात शिरला. कोल्हापुरास या तिन्ही वाटा मोकळ्या होत्या. राजर्षींचे पुत्र राजाराम महाराज यांचे काही शिक्षण इंग्लंडात झालेले. १९२२ साली ते गादीवर आले. राजाराम महाविद्यालय त्यापूर्वीच नावारूपास आले होते. जो खेळ अन्यत्र साहेबाच्या क्लबात किंवा महाविद्यालयाच्या हिरवळीवर थांबला, तो येथे तालमीच्या कट्ट्यापर्यंत उतरला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली आणि पेठांच्या संघांना एक छत्र लाभले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राजाराम महाराज निवर्तले. पुढे १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य गेले, पण छत्रपती घराण्याचा या संस्थेवरील वरदहस्त कायम राहिला, तो आजतागायत आहे.

येथे एक योगायोग नोंदविण्याचा मोह आवरत नाही. ज्या १९४० साली कोल्हापुरात पेठांचे संघ एका संस्थेखाली आले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. तोच पुढे एचएएल म्हणून विख्यात झाला. या कारखान्याचा, तसेच दूरध्वनी यंत्रे बनविणाऱ्या आयटीआयचा फुटबॉल संघ एके काळी बंगळुराची शान होती. खेळाडूस नोकरी, नोकरीच्या वेळेत सराव, अंगावर कारखान्याचा गणवेश : हे एक प्रकारचे संघ. कोल्हापूरचे संघ अगदी निराळ्या प्रकारचे. त्यांच्या पाठीशी कारखाना नव्हता, पेठ होती. या दोन प्रकारांतील भेद पुढे फार महत्त्वाचा ठरला.

त्या संघांची नावेच पाहावीत. पाटाकडील तालीम मंडळ : नावातच पाण्याचा पाट वाहतो. खंडोबा तालीम, महाकाली तालीम : ही दैवतांची नावे. बालगोपाल आणि दिलबहार : एकात कृष्णाचे सवंगडी, तर दुसऱ्यात उर्दूचा नखरा. शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, जुना बुधवार पेठ, उत्तरेश्वर, फुलेवाडी : ही गावाच्या भूगोलाची नावे. आणि या सर्वांत ऐटीने इंग्रजी नाव मिरविणारा प्रॅक्टिस क्लब. कोणी अपरिचित मनुष्याने ही यादी वाचली, तर ती कुस्तीच्या आखाड्यांची आणि गणेशमंडळांचीच वाटेल. आणि त्यात त्याची चूक होणार नाही. तीच माणसे, तीच वर्गणी, तोच कट्टा. फक्त हौद्याच्या जागी मैदान आले.

हे स्थित्यंतर का घडले, याचा विचार करता मला एक साधे कारण दिसते. मल्ल घडविणे हे खर्चाचे काम आहे. एका पहिलवानाच्या खुराकासाठी दूध, तूप, बदाम लागतात, आणि त्यासाठी राजाश्रय लागतो. राजाश्रयाचे दिवस सरल्यावर गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींनी कुस्तीचे व्रत चालविले. परंतु प्रत्येक पेठेस ते पेलणारे नव्हते. याउलट एका चेंडूवर बावीस पोरे खेळतात, आणि चेंडू फाटला तर मोची तो शिवून देतो. कुस्तीत पेठेचा एकच मल्ल लढतो आणि बाकीचे पाहतात. फुटबॉलमध्ये पेठेची अकरा घरे एकाच वेळी मैदानात उतरतात. ज्या समाजाने तालीम सामाईक मानली होती, त्यास हा खेळ परका वाटण्याचे कारण नव्हते.

वर्गणी काढून माणूस उभा करण्याची रीत तर त्या गावाच्या रक्तातच आहे. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्याच हेलसिंकीत आपल्या फुटबॉल संघास युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव पत्करावा लागला, आणि आपले कित्येक खेळाडू अनवाणी खेळत होते. त्याआधी चार वर्षे, १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारा सारंगपाणी रामन हाही बंगळूरचाच. अनवाणी पायांचा तो काळ होता. आमच्या लहानपणी पेठेतील थोरले खेळाडू त्या पायांच्या गोष्टी मोठ्या अभिमानाने सांगत, आणि आम्हांस बूट मिळाले की जरा नाक मुरडत.

खेळायचे कुठे, हा प्रश्न गावाने आपल्या पद्धतीने सोडविला. जुने कोल्हापूर हे तळ्यांचे गाव. वाढत्या वस्तीत त्यांतील अनेक तळी बुजली. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. म्हणजे आज जिथे पेठांचे संघ एकमेकांशी झुंजतात, तिथे एके काळी पाणी होते. शेजारी रावणेश्वराचे देऊळ, पलीकडे हाकेच्या अंतरावर खासबाग. जुना खेळ आणि नवा खेळ एकमेकांच्या शेजारी नांदावेत, अशी ही रचना आहे.

पावसाळा सरला, दिवाळी आटोपली, की हंगामाचे वेध लागतात. प्रथम असोसिएशनची साखळी स्पर्धा. तीत वरिष्ठ गटाचे सोळा संघ. त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत एकामागून एक बाद पद्धतीच्या स्पर्धा. सामन्याच्या दिवशी पेठेचे घड्याळ निराळे चालते. सकाळीच कोणी लिंबे आणि बर्फ आणावयास जातो, कोणी गणवेश इस्त्री करून आणतो, कोणी गुडघ्यास बांधावयाच्या पट्ट्या शोधतो. या कामांना पगार नाही आणि पदही नाही. स्टेडियमच्या पायऱ्यांवर प्रत्येक पेठेची जागा ठरलेली. सामना हरला तर परत येताना कोणत्या रस्त्याने यायचे, हेही ठरलेले! विश्वचषकाच्या वर्षी याच पेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे ध्वज झळकतात, खेळाडूंच्या भव्य प्रतिमा चौकांत उभ्या राहतात; पण अर्जेंटिनाचा पराभव कोल्हापूरकर दोन दिवसांत विसरतो. शेजारच्या पेठेकडून झालेला पराभव तो नातवास सांगतो.

अशी संस्था जगात अन्यत्र नाही काय? आहे. डेन्मार्क हा युरोपातील साठ लाखांच्या आसपास वस्तीचा चिमुकला देश. त्याची फुटबॉल संघटना १८८९ सालची. तेथील लहानलहान गावांचे क्लब कोणा धनिकाच्या मालकीचे नसून सभासदांचे असतात. सभासद वर्गणी भरतात, आणि मैदानावर चुन्याच्या रेघा मारण्यापासून पोरांना शिकविण्यापर्यंतची कामे गावकरी आपण होऊन करतात. १९९२ साली युद्धामुळे युगोस्लाव्हियास युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतून वगळण्यात आले आणि ऐन वेळी डेन्मार्कला बोलावणे आले. २६ जून रोजी त्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीस २-० असे हरविले. ही घटना बहुतेकांनी चमत्कार म्हणून वर्णिली. मला ती गावोगावच्या वर्गणीची फलश्रुती वाटते. ज्या देशात प्रत्येक लहान गावास आपले मैदान आणि आपला क्लब आहे, त्यास ऐन वेळचे बोलावणेही आयत्या वेळचे वाटत नाही.

येथवर वाचून कोल्हापूरचे चित्र फारच सोज्ज्वळ रंगविले, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त ठरेल. ज्या ईर्ष्येने हे संघ जगविले, तीच ईर्ष्या अनेकदा मैदानाबाहेर सांडली. प्रेक्षकांत हाणामाऱ्या झाल्या, दगड आले, पोलिसांना धावावे लागले, सामने अर्ध्यावर थांबले. पेठेवरचे प्रेम दुसऱ्या पेठेच्या द्वेषावाचून जगू शकत नाही, असे मानणारी पोरे प्रत्येक पिढीत निघाली. वडीलधाऱ्यांनी कट्ट्यावर बसून त्यांना आवरावे, ही जुनी रीत होती. परंतु कट्ट्यावर बसणारी वडील माणसेच आता कमी होत चालली आहेत.

दुसरा बदल पैशाचा. अलीकडच्या वर्षांत बक्षिसांच्या रकमा वाढल्या, पुरस्कर्ते आले, आणि संघांतून परगावचे, इतकेच नव्हे तर आफ्रिकेतील खेळाडू मोबदला देऊन आणले जाऊ लागले. खेळाचा दर्जा त्याने सुधारला, हे मान्य केले पाहिजे. गावच्या पोरांनाही मोठी दारे उघडली. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. निखिल कदम मोहन बागानच्या संघात जाऊन पोहोचला. मुलीही आता बूट बांधून मैदानात उतरत आहेत. तथापि एक प्रश्न उरतोच. पेठेच्या अकरा घरांतील पोरांच्या जागी जर अकरा पाहुणे उतरले, तर पायऱ्यांवर बसलेली पेठ कोणासाठी ओरडणार? आपल्या बंगळुरात हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सुटला आहे. २०१३ साली एका उद्योगसमूहाने बेंगळुरू एफसी हा संघ काढला. पहिल्याच हंगामात त्याने देशाची साखळी स्पर्धा जिंकली आणि कंठीरव स्टेडियम भरू लागले. तो व्यवसायाचा मार्ग आहे आणि त्यात वावगे काही नाही. परंतु कारखान्याचा संघ कारखान्याच्या मर्जीने असतो आणि कंपनीचा संघ कंपनीच्या हिशोबाने. पेठेचा संघ मात्र पेठ आहे तोवर असतो.

आणि पेठ आहे काय, हा खरा प्रश्न आहे. तो मी आपणांस विचारीत आहे, कारण पेठ रिकामी करणाऱ्यांत आपणच आहोत. इलेक्ट्रॉनिक सिटी ज्या दशकात आकारास येऊ लागली, त्याच दशकात आपले मंडळही आकारास आले. त्यानंतर कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगाव या बाजूंची किती हुशार पोरे या रस्त्याने इकडे आली! पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरच्या वेशीवरून जातो. सहाशे किलोमीटरांचा तो रस्ता रात्रीच्या बसने एका झोपेत संपतो. उजव्या बाजूने धावणारा कोणी गणकयंत्रापुढे बसला, गोल राखणारा कोणी प्रकल्पप्रमुख झाला. त्यांचे कल्याण झाले, घरे उभी राहिली. याबद्दल कोणी खंत करू नये. पण ज्या अकरा घरांतून संघ उभा राहत असे, त्यांतील किती घरांना आज कुलूप आहे, याचा हिशोब कट्ट्यावरची मंडळी ठेवीत असतात.

आपले हे मंडळ तरी काय आहे? पेठ सुटलेल्या माणसांनी परमुलखात बांधलेला कट्टाच तो. येथेही कोणी सतरंज्या घालतो, कोणी वर्गणीसाठी दारोदार हिंडतो, कोणी नाटकाच्या दिवशी चहाचे पातेले सांभाळतो; त्यास पगार नाही आणि पुष्कळदा आभारही नाहीत. पन्नास वर्षे हे चालले, म्हणून आज आपण ही स्मरणिका वाचीत आहोत. तालमीच्या इतिहासात चषकांची यादी असते, ती भिंतीवर लागते. लिंबे आणणाऱ्यांची यादी कुठेच लागत नाही; संघ मात्र त्यांच्या जिवावर चाललेला असतो. कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास धुंडाळताना माझ्या हाती लागलेली मुख्य गोष्ट हीच.

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगून हा लेख पुरा करितो. येथे जन्मलेला माझा नातू बेंगळुरू एफसीचा निळा सदरा घालून फिरतो, आणि कोल्हापूरचा सामना फोनवर लागला की माझ्याशेजारी येऊन बसतो. मागील हंगामात त्याने विचारले, "आजोबा, आपण यांतले कोण?" मी तालमीचे नाव सांगितले. तो म्हणाला, "पण आपण तर तिथे राहत नाही." मला उत्तर सुचले नाही. मी कपाटातून वर्गणीच्या पावत्यांची जुनी चळत काढून त्याच्यापुढे ठेवली. दरवर्षी मी इथून पैसे धाडतो आणि दरवर्षी पावती येते. पण ती माझ्या नावाची नसते. माझ्या वडिलांच्या नावाची असते, आणि त्यांना जाऊन कैक वर्षे लोटली. एकदा मी फोन करून दुरुस्ती सुचविली होती. तालमीचा चिटणीस, माझ्या मुलाच्या वयाचा, मोकळेपणाने हसून म्हणाला होता, "काका, वहीत घर त्याच नावानं हाय. ऱ्हाऊ दे की."

नातवाने पावत्या उलटसुलट करून पाहिल्या, पणजोबांचे नाव बोटाने वाचले आणि विचारले, "मग पुढच्या वर्षी माझे पैसे घेतील का?"

त्याच्या खाऊच्या डब्यातील पन्नास रुपये या वर्षी माझ्या वर्गणीबरोबर गेले. पावती नेहमीच्याच नावाने आली. रक्कम मात्र पन्नासने वाढलेली होती.